हेराल्डची पुढची काच

काचवाल्या काकांच्या दुकानात शिरायचं तर आधी खिशातला मोबाइल काढून दाराशी ठेवलेल्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकावा लागे. तो टाकला की काका डब्याचं झाकण लावत आणि त्याच डब्यावर बसत. मग चौकशी सुरू होई.

"गाडी कोनाची हाय?"

"आमचीच."

"तुमच्याजवळ कशी आली?"

"सासऱ्यांची होती."

"अन् तुमाले इथं कोनी धाडलं?"

मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केलेली. चौकशा पुष्कळ पाहिल्या, दोन स्वतःही भोगल्या. पण रबराची एक पट्टी विकत घ्यायला आलेल्या माणसाची अशी उलटतपासणी मी कुठे पाहिली नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला मी "बायकोनं" असं खरं उत्तर दिलं, तेव्हा काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तिलेच घेऊन या मग."

नागपुरात सदर भागातल्या मोठ्या रस्त्यामागे, जिथे ऑटोवालाही यायला कुरकुरतो अशा गल्लीत त्यांचं दुकान होतं. काम एकच, जुन्या गाड्यांच्या काचा बसवणं. ज्या गाड्या बनायच्या बंद होऊन जमाना लोटला, त्यांच्या पुढच्या काचेभोवतीचं रबर, रबराच्या खाचेत बसणारी चकाकती पट्टी, आणि पट्टीची दोन टोकं मिळतात तो जोड झाकणारी बोटाच्या पेराएवढी टोपी, हे सगळं त्यांच्याकडे असायचं. निदान असावं असं लोक म्हणत. ते स्वतः कधीच "आहे" म्हणत नसत. "पाहावं लागन" म्हणत, आणि पाहायला चार-चार महिने लावत.

त्याचं कारण मला पुढे कळलं. त्यांना चोरांचा धाक होता. म्हणून त्यांनी सगळं बारीक सामान स्वयंपाकघरातल्या जुन्या डब्यांत भरलं होतं आणि डब्यांवर मुद्दाम हळद, जिरं, साबुदाणा असंच लिहिलेलं राहू दिलं होतं. चोर आलाच तर किराणा समजून परत जाईल, हा हिशेब. चोर काही आला नाही, पण कुठल्या डब्यात काय आहे ते काकाच विसरले. एकदा एका गिऱ्हाइकासमोर टोप्या शोधता शोधता त्यांनी तिखटाचा डबा उघडला, तर त्यात खरोखर तिखट निघालं. अर्धा तास दोघं शिंकत होते. तेव्हाही काकांचं म्हणणं एकच, "हे कोनीतरी भरून ठेवलं."

रोज दुकान बंद करताना ते उंबरठ्यावर शंखजिऱ्याची पांढरी पूड भुरभुरवत. ही पूड त्यांच्या कामाचीच, रबर एकमेकांना चिकटू नये म्हणून लावतात. काका ती पाळतीसाठी वापरत. सकाळी कुलूप उघडून आधी उकिडवे बसायचे आणि पूड निरखायचे. उंदराचे पाय, मांजराचे पाय. मांजराचे दिसले की म्हणायचे, "मांजर आलं नाई, आणलं गेलं."

माल तपासायची त्यांची पद्धत मात्र पाहण्यासारखी होती, आणि तिथे मी त्यांना मानतो. रबर हातात आलं की आधी वास घ्यायचे. मग अंगठ्याचं नख रुतवून तोंडानं हळूच आकडे मोजायचे. खळगा तीनच्या आत भरून आला तर रबर जिवंत. पाचपर्यंत गेला तर म्हातारं. मुळीच भरला नाही तर "दोन नंबर" म्हणून गल्लीत भिरकावत, समोरून कोणी येतंय का हेही बघत नसत. काच बसवून झाली की स्वतः गाडीत बसत, डॅशबोर्डवर कोरडा पेपर पसरत, आणि बाहेरून काचेवर बादलीभर पाणी ओतायला लावत. पेपरवर एक जरी थेंब दिसला तरी सगळं काढून पुन्हा. गिऱ्हाईक "चालते जी काका, एवढं चालते" म्हणालं तर त्याच्यावरच खेकसत, "तुले चालते, मले नाई चालत."

हे पाणी ओतायचं काम शेजारच्या दुकानातले भाऊ करायचे. ते गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत. काकांहून दहा वर्षांनी लहान, गुबगुबीत, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि काका काहीही बोलले तरी हसणारे. दोघांची दुकानं एकमेकांना लागून तीस वर्षं. दुपारचा चहा भाऊंकडून यायचा, आणि काका तो भाऊंनी आधी एक घोट घेतल्याशिवाय तोंडाला लावत नसत. मी एकदा भाऊंना विचारलं, राग नाही येत? ते म्हणाले, "काहून येईन जी? त्याले विश्वास ठेवता येत नाई, मले चहा सोडता येत नाई. एकेकाची आदत असते."

आता मी काकांना एवढी नावं ठेवतोय, तर माझंही सांगतो. संशय आमच्या घरात वंशपरंपरेनं चालत आला आहे. आमचे वडील दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून नखावरून थेंब कसा ओघळतो ते बघत. मी त्यांच्याही पुढे गेलो. दुरुस्तीला जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर मी गुपचूप खूण करतो. मिक्सरच्या भांड्याखाली खिळ्यानं ओढलेली रेघ, छत्रीच्या काडीवर पेनाचा ठिपका, स्कूटरच्या बॅटरीवर बायकोच्या नेलपॉलिशची फुली. वस्तू परत आली की आधी खूण बघायची, मग पैसे द्यायचे. नागपुरात हे करणारा मी एकटा नाही, हेही सांगून ठेवतो. पण बायको हसते. "मलेही कुठं खूण करून ठेवली का हो तुम्ही?" असं चार लोकांत विचारते.

गाडी तिची. सासरे गेल्यावर तिच्या भावांनी घर वाटून घेतलं, आणि हिला काय पाहिजे म्हणून विचारलं. ही म्हणाली, त्यांची जुनी हेराल्ड गाडी. ते खूश झाले, कारण ती भंगारातच जायची होती. पण त्याच गाडीवर सासऱ्यांनी हिला फुटाळा तलावाच्या रस्त्यावर गाडी शिकवली होती, तेव्हा गल्लीतली माणसं मुलीला गाडी चालवताना बघायला गॅलरीत येत. माहेरचं तिच्याजवळ एवढंच आहे. मला गाडी येत नाही. शहराच्या टोकाला, बेसाला फ्लॅट घेतल्यापासून दर रविवारी ही मला शेजारी बसवून बाजारात नेते, आणि मी मुकाट्यानं पिशव्या धरतो.

त्या हेराल्डच्या पुढच्या काचेचं रबर पापडासारखं कडक होऊन तडकलं. पाऊस आला की पाणी हिच्या पायावर. जोडावरची टोपी तर कधीच गळून पडलेली. वर आरटीओतल्या पासिंगची तारीख दोन महिन्यांवर आली होती. मोबाइलवरून मागवलेलं रबर भलत्याच गाडीचं निघालं. तेव्हा ही स्वतः काकांकडे गेली, त्यांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देऊन आली, आणि घरी येऊन म्हणाली, "आहे त्यांच्याजवळ. पाहावं लागन म्हणाले, पण डोळ्यात होतं."

रबर जुनं, पण कधी न वापरलेलं होतं. काकांनी अट घातली. काच काढून आठ दिवस दुकानात ठेवायची. रबर काचेवर चढवून गच्चीवर उन्हात तापवायचं, म्हणजे ते काचेचा वाक धरतं. मे महिना होता. "हे ऊन दुसरीकडं भेटत नाई," काका म्हणाले. "हे माह्यं हत्यार हाय."

इथे माझा संशय जागा झाला. रबर मिळेल, टोपी मिळेल, पण ती वाकदार काच फुटली किंवा बदलली गेली तर दुसरी कुठून आणायची? आणि आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "साहेब, म्हातारा असली काच ठेवून घेते अन् नकली लावून देते, असं आयकलं." कोणाकडून ऐकलं ते त्याला सांगता आलं नाही. मला तेवढं पुरलं.

काच काढायच्या दिवशी मी पँटच्या खिशात बोटभर लांबीची तिकोनी कानस घेऊन गेलो. काकांनी जुनं रबर आतून पात्यानं कापलं, काच अलगद काढली आणि गोधडीवर ठेवली. ते शंखजिरं आणायला आत वळले, ही गाडीत काहीतरी शोधत होती. मी वाकलो, आणि काचेच्या खालच्या कडेला, रबरात झाकली जाईल अशा जागी, तांदळाच्या दाण्याएवढी खाच मारली. करकर असा आवाज झाला. कोणी ऐकलं नाही.

मग ही बिनकाचेची गाडी घेऊन सदरहून बेसाला निघाली. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, समोरून भट्टीसारखा वारा. सिग्नलला पोरं हात करत होती आणि ही पण हात करत होती. मी शेजारी डोळे मिटून बसलो होतो, पण मनात शांत होतो. खूण होती ना.

ते आठ दिवस मी सुखानं झोपलो. एकदाही दुकानाकडे फिरकलो नाही.

नवव्या दिवशी सकाळी काच बसवायची होती. ही गाडी घेऊन आली, मी मागे ऑटोनं. काच बसवायची रीत अशी असते. रबराच्या आतल्या खाचेतून सगळीकडून एक सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच चौकटीवर ठेवायची. आतला माणूस सुतळी हळूहळू ओढतो, तसा रबराचा ओठ चौकटीच्या आत येतो. बाहेरचा त्याच जागी तळव्यानं दाबत जातो. दोघांचा ताल जमला पाहिजे. आत काका, बाहेर भाऊ. तीस वर्षांचा ताल.

"दाब... हाव... सोड. पुढं. दाब..."

खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी आले आणि कट् असा आवाज झाला. मोठा नव्हता. कोपऱ्यातून एक रेघ निघाली, आमच्या डोळ्यांसमोर वळत वळत काचेच्या मध्यापर्यंत गेली आणि थांबली.

हिनं तोंडावर हात ठेवला. काका गाडीतून उतरले, सुतळी काढली आणि काच परत गोधडीवर घेतली. थुंकी लावलेला अंगठा त्या रेघेवरून फिरवत फिरवत ते कडेपर्यंत आले. नख एका जागी अडकलं. त्यांनी रबर बाजूला केलं, चष्मा पुसला, आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे कानशीचं काम हाय," ते म्हणाले.

आता ते माझ्याकडे बघणार म्हणून मी वाट बघितली. ते वळले भाऊंकडे.

"मी म्हनत होतो ना. तीस वर्षं म्हनून राहिलो. कोनी आयकलं नाई."

"दादा, काय बोलून राहिले तुमी?"

"गच्चीवर नेली कोनी? मी अन् तू. उतरवली कोनी? मी अन् तू. तिसऱ्या कोनाचा हात लागला नाई."

"अन् मी काहून करीन, दादा?"

"थेच तर मी विचारून राहिलो. काहून?"

भाऊ हसले नाहीत. मी त्यांना न हसताना पहिल्यांदा बघितलं. त्यांनी साबणाचे हात पँटला पुसले, हिच्याकडे बघून "माफ करा ताई" म्हणाले, कशाबद्दल कोण जाणे, आणि आपल्या दुकानात निघून गेले.

बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. पण ही माझ्या शेजारी उभी होती, तिच्या माहेरचं जे एकमेव तिच्याजवळ उरलं होतं ते समोर तडकून पडलं होतं, आणि ते मी केलं होतं. माझी जीभ उचलली नाही. मी भित्रा आहे, हे मला आधीपासून माहीत होतं. इतका असेन असं वाटलं नव्हतं.

काका आत गेले. फळ्या सरकवल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात रजईत गुंडाळलेली दुसरी काच होती. हेराल्डचीच. अशी काच आपल्याकडे नाही असं ते कितीतरी लोकांना सांगत आले होते. बाहेरगावचा एक शौकीन तर त्यासाठी तीन वेळा आला होता, आणि तिन्ही वेळा मोबाइल डब्यात टाकून रिकाम्या हातानं गेला होता.

"ताई, तुमची काच माह्या दुकानात फुटली," ते हिला म्हणाले. "ही तुमची." काचेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. हिनं किती विनवलं तरी नाही.

मग त्यांनी शेजारच्या दुकानाकडे एकदा पाहिलं, आणि मला म्हणाले, "साहेब, बाहेरून तुमी दाबा."

मी भाऊंच्या जागी उभा राहिलो. आतून काका सांगत होते, दाब, सोड, आणि मी त्या गार काचेवर तळवे ठेवून दाबत होतो. जोर लावायला धजत नव्हतो. "भेऊ नका," काका आतून म्हणाले, "या काचेले काई नाई झालेलं." काच बसली. चकाकती पट्टी बसली, साबुदाण्याच्या डब्यातून टोपी निघाली आणि जोडावर बसली. पाणीही मीच ओतलं. पेपर कोरडा निघाला.

गाडी पास झाली. मी मात्र रविवारी गाडीत बसायला टाळू लागलो. कधी पोट दुखायचं, कधी गुडघा. चौथ्या रविवारी हिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "काय झालं ते सांगता का आता?" मी सांगितलं. तिला वाटलं होतं की मला मोठा आजार झालाय आणि मी तो लपवतोय. ऐकून तिनं किल्ल्या उचलून परत खिळ्याला अडकवल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाली, "माझी काच गेली ते जाऊ द्या. त्या दोघांचं काय?"

दुसऱ्या दिवशी मी सदरला गेलो. दोन दुकानांच्या मधल्या मोकळ्या जागेत आता निळी ताडपत्री टांगलेली होती. ती काकांनी टांगली असणार, कारण तिच्या खालच्या कडेशीही शंखजिरं भुरभुरलेलं होतं. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तडकलेली काच काकांनी भिंतीला टेकवून ठेवली होती, खाचेभोवती खडूनं गोल काढून. येईल त्या गिऱ्हाइकाला ते ती दाखवत असत, असं मला नंतर कळलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याजवळ पुरावा आला होता.

मी मोबाइल डब्यात टाकला. म्हणालो, "काका, ती खाच मी मारली."

ते डब्यावर बसले होते ते तसेच राहिले. मी सगळं सांगितलं. खुणेची सवय, मेकॅनिकचं बोलणं, तुम्ही आत वळलात तो क्षण. मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, पलीकडे ऐकू जावं म्हणून. मध्येच मशीन थांबलं. मी खिशातून कानस काढली आणि काचेच्या खाचेत धरून दाखवली. बरोब्बर बसली.

काकांनी कानस हातात घेतली, उजेडात फिरवली, वास घेतला.

"कानसही त्यानंच देली वाटते," ते ताडपत्रीकडे बघत म्हणाले.

"काका, देवाशपथ मी..."

"साहेब, तुमी भले मानूस हा. दोघांचं भांडन मिटावं म्हून आले. मले समजते थे." त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "पन खोटं कोनाच्या तोंडी शोभते अन् कोनाच्या नाई, एवढं मले समजते. माह्या दुकानात काच ठेवली की गिऱ्हाईक दिवसातून दोनदा येते. कोनी मापून पाहाते, कोनी फोटो काढाले पाहाते. तुमची आठ दिवस इथं होती. तुमी एकदा तरी आले पाहाले? एकदा? इतक्या वर्षांत माह्यावर असा भरोसा कोनी नाई टाकला. तो मानूस कानस चालवते काय?"

ताडपत्रीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊ उठले असावेत. पण इकडे आले नाहीत.

मी म्हणालो, "काका, आलो नाही ते खूण केली होती म्हणूनच. खूण होती म्हणून निर्धास्त होतो."

काका हळूच मान हलवून हसले.

"लय शिकवून पाठवलं तुमाले त्यानं," ते म्हणाले, आणि डब्यावरून उठून मला बसायला जागा करून दिली.